कांद्याच्या पट्टीपासून ग्राहकाच्या पावतीपर्यंत: सहावी ते आठवीच्या वर्गात व्यापारपूरक सेवा कशा शिकवाव्यात

व्यापाराला आणि ग्राहकाला साहाय्य करणाऱ्या सेवा हा पाठ वर्गात बहुधा एकाच पद्धतीने होतो. फळ्यावर बँक, विमा, वाहतूक, साठवण, दळणवळण आणि जाहिरात अशी सहा नावे येतात, प्रत्येकाखाली दोन ओळी उतरवल्या जातात आणि परीक्षेत त्याच ओळी परत येतात. विद्यार्थ्यांना ही नावे पाठ होतात, परंतु यांपैकी एखादी सेवा नसती तर नेमके कोणाचे काय अडले असते आणि तिचा मोबदला शेवटी कोणाच्या खिशातून जातो, असे विचारले की वर्ग गप्प बसतो. माल हातात घेऊन दाखवता येतो, सेवा दाखवता येत नाही, ही खरी अडचण आहे. मात्र बहुतेक सेवा आपल्यामागे एखादा कागद ठेवून जातात: बाजार समितीची हिशोबपट्टी, ट्रकची बिल्टी म्हणजे माल पाठवल्याची पावती, बँकेची पावती, विम्याची पॉलिसी, दुकानाचे बिल. हा पाठ या कागदांवरून शिकवावा, आणि ते कागद शक्यतो एकाच मालाच्या प्रवासातले असावेत, अशी माझी शिफारस आहे.

माल कोणता निवडावा हे गावावर अवलंबून आहे. सांगलीत हळद चालेल, जळगावात केळी, सोलापुरात चादर. येथे नाशिक जिल्ह्यातला कांदा घेतला आहे, कारण तो प्रत्येक स्वयंपाकघरात असतो, त्याच्या भावाची चर्चा घरोघरी होते आणि लासलगावपासून मुंबईपर्यंतच्या त्याच्या वाटेवर जवळजवळ सगळ्या सेवा भेटतात. पाठ्यपुस्तकातल्या क्रमाची काळजी करू नये. मालाच्या वाटेवर जी सेवा आधी येईल ती आधी शिकवावी.

पूर्वतयारी

पाठाच्या आठ-दहा दिवस आधी विद्यार्थ्यांना घरातले जुने कागद आणायला सांगावेत. शेतकरी कुटुंबातून हिशोबपट्टी मिळेल, एखाद्याचे वडील ट्रक चालवत असतील तर बिल्टीची प्रत मिळेल, किराणा दुकानदाराच्या घरून ठोक खरेदीचे बिल येईल. शहरी शाळेत कुरिअरचे वेष्टन, औषधाचे बिल, दुचाकीच्या विम्याची प्रत आणि रिकामी पाकिटे सहज जमतात. वर्गात देण्यापूर्वी प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढून तीवरील नाव, खाते क्रमांक आणि मोबाईल क्रमांक काळ्या शाईने खोडावेत. हे काम शिक्षकाने स्वतः करावे, मुलांवर सोपवू नये. कोणत्या घरावर किती कर्ज आहे किंवा कोणाला काय भाव मिळाला, हे वर्गात उघड होता कामा नये.

पहिली तासिका: सतरा रुपये गेले कुठे?

सुरुवात एका हिशोबाने करावी. शेतकऱ्याचा कांदा बाजार समितीत 1,800 रुपये क्विंटलने, म्हणजे 18 रुपये किलोने गेला, आणि मुंबईतल्या गृहिणीने तो 35 रुपये किलोने घेतला, असे समजावे. मधले 17 रुपये कुठे गेले, असे विचारल्यावर वर्गातून हमखास उत्तर येते, की व्यापाऱ्याने खाल्ले. हे उत्तर लगेच खोडू नये आणि मान्यही करू नये. फळ्यावर 17 रुपयांची एक उभी पट्टी काढून ती रिकामी ठेवावी आणि पुढच्या प्रत्येक तासिकेत तिचा एकेक भाग भरत जावा. शेवटी व्यापाऱ्याचा नफाही त्याच पट्टीत दाखवायचा आहे, पण त्याच्या जागी आणि त्याच्या मापाने. एकाच वर्गात शेतकऱ्याची, हमालाची आणि अडत्याची, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या मध्यस्थाची, मुले शेजारी शेजारी बसलेली असतात, हे विसरून चालणार नाही.

त्यानंतर हिशोबपट्टी वाचायला द्यावी. लासलगावला कांदा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मोकळा येतो, व्यापारी ट्रॉलीभोवती उभे राहून लिलाव बोलतात, मग वजन होते आणि पट्टी हातात पडते. तिच्यावर एकूण वजन, भाव आणि रक्कम असते आणि अनेक पट्ट्यांवर खाली हमाली, तोलाई यांसारख्या कपाती असतात. प्रत्येक कपात म्हणजे एक सेवा आहे, हे विद्यार्थ्यांना स्वतः शोधू द्यावे. घरात 2016 पूर्वीची जुनी पट्टी सापडली तर ती मुद्दाम शेजारी ठेवावी. पूर्वी फळे-भाजीपाल्याच्या विक्रीत अडत्याची आडत, म्हणजे दलाली, शेतकऱ्याच्या रकमेतून कापली जात असे. जुलै 2016 मध्ये राज्य सरकारने ती खरेदीदाराकडून घेण्याचा नियम केला. सेवा तीच राहिली आणि मोबदला देणारा बदलला. सेवेची किंमत कोणी सोसायची हा नियमांचाही प्रश्न असतो, हे सातवीच्या मुलाला दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या की कळते. एरवी ते समजावताना शिक्षकाचीच दमछाक होते.

साठवण: या पाठाचा गाभा

साठवणीला पाठ्यपुस्तकात चार ओळी मिळतात. माझ्या मते तिला एक पूर्ण तासिका द्यावी, कारण व्यापारातला काळ हा घटक मुलांना येथेच उमगतो.

कांद्याचे हंगाम आधी फळ्यावर मांडावेत. खरिपातला पोळ कांदा आणि त्यामागून येणारा रांगडा फार काळ टिकत नाहीत, म्हणून ते काढल्यावर लवकर विकावे लागतात. रब्बीचा उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो आणि नीट सुकवून हवेशीर चाळीत ठेवला तर काही महिने टिकतो. पावसाळ्यात आपण खातो तो बहुतांशी हाच. म्हणजे एप्रिलमध्ये काढलेला कांदा सप्टेंबरच्या भाजीत येतो, तो मधल्या काळात कोणीतरी सांभाळलेला असतो म्हणून. कांदाचाळ कशी असते हे आकृतीने दाखवावे: जमिनीपासून उचललेला तळ, फळ्यांमधून खालून आणि बाजूंनी खेळणारी हवा, पाऊस आत येऊ न देणारे पुढे काढलेले छप्पर. धान्याच्या गोदामात भिंती बंद लागतात आणि कांद्याच्या चाळीत उघड्या लागतात. असे का, हा प्रश्न विज्ञानाच्या शिक्षकांच्या मदतीने सोडवता येईल.

आता पुन्हा हिशोबाकडे वळावे. 100 किलो कांदा 18 रुपयांनी, म्हणजे 1,800 रुपयांना घेऊन चाळीत ठेवला आणि चार महिन्यांत त्यातला 30 किलो सुकून, सडून आणि कोंब येऊन गेला, असे समजावे. उरलेल्या 70 किलोंमागे खर्च तोच 1,800 रुपये आहे, म्हणजे किलोला सुमारे 25 रुपये 70 पैसे पडले. अजून गोणी भरलेली नाही, ट्रक लागलेला नाही आणि कोणी एक पैसाही नफा घेतलेला नाही. फळ्यावरच्या 17 रुपयांपैकी जवळजवळ पावणेआठ रुपये येथे भरले जातात, तेव्हा वर्गातली चर्चा वेगळ्या सुरात सुरू होते. अर्थात काढणीनंतर लगेच विकलेल्या कांद्याला हा हिशोब लागू पडत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे.

लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रज्ञानावर चालणारे ‘कृषक’ हे विकिरण केंद्र 2002 मध्ये उभे राहिले. कांद्यावर ठरावीक मात्रेत गॅमा किरण सोडले की त्याला कोंब फुटत नाहीत. मुले हमखास विचारतात, की मग तो कांदा खाल्ल्याने अपाय होत नाही का. किरण कांद्यातून आरपार जातात, पदार्थ किरणोत्सारी होत नाही, असे उत्तर देऊन पुढे जावे. साठवणीचे आणखी एक अंग धान्याच्या उदाहरणाने दाखवता येते. राज्य वखार महामंडळाच्या गोदामात सोयाबीन किंवा तूर ठेवली की शेतकऱ्याला वखार पावती मिळते आणि ती तारण ठेवून बँकेचे कर्ज घेता येते. माल गोदामात पडून असताना त्याच्या कागदावर पैसे उभे राहतात, म्हणजे साठवण आणि बँक या दोन सेवा एका पावतीत भेटतात.

बिल्टीवरची बारीक ओळ

वाहतूक शिकवताना रस्ते, रेल्वे, जल आणि हवाई असे चार प्रकार सांगून थांबू नये. बिल्टीची प्रत गटागटाला द्यावी आणि माल पाठवणारा कोण, घेणारा कोण, नग किती, वजन किती आणि भाडे आधी दिले की पोहोचल्यावर द्यायचे, हे शोधायला लावावे. हुंडेकऱ्याचा, म्हणजे मालवाल्याला ट्रक आणि ट्रकवाल्याला माल मिळवून देणाऱ्याचा, धंदा येथे समजावून सांगता येतो. ट्रक वाशीला कांदा उतरवून रिकामा परतला तर जातानाच्या भाड्यातच परतीचे डिझेल काढावे लागेल. परतीचा माल मिळवून देणे ही म्हणूनच एक स्वतंत्र आणि मोलाची सेवा आहे.

रेल्वेची दोन उदाहरणे जरूर द्यावीत. कोकण रेल्वेने 1999 मध्ये भरलेले ट्रकच वाघिण्यांवर चढवून नेण्याची रो-रो सेवा सुरू केली; रायगड जिल्ह्यातल्या कोलाडला ट्रक चढतो, चालक गाडीतच बसून प्रवास करतो, घाटातले डिझेल आणि टायर वाचतात. दुसरे उदाहरण नाशिकजवळच्या देवळालीचे. 7 ऑगस्ट 2020 रोजी तेथून बिहारमधल्या दानापूरला पहिली किसान रेल्वे सुटली. नाशवंत माल, लांबचे अंतर आणि ठरलेली वेळ या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की ट्रकपेक्षा रेल्वे का परवडते, यावर मुलांना दहा मिनिटे वाद घालू द्यावा.

बिल्टीच्या तळाशी बहुधा बारीक अक्षरात एक ओळ छापलेली असते: माल मालकाच्या जोखमीवर. अशी ओळ छापल्याने वाहतूकदाराची कायद्याने असलेली सगळी जबाबदारी संपते असे नाही, परंतु वाटेत ट्रक उलटला, पाऊस लागला किंवा माल चोरीला गेला तर नुकसान कोणाचे, हा प्रश्न ती ओळ वर्गापुढे ठेवते. हाच विम्याचा दरवाजा आहे, म्हणून विमा येथेच शिकवावा, वेगळा धडा म्हणून नव्हे.

विमा खेळातून

चाळीस विद्यार्थ्यांचा वर्ग असेल तर प्रत्येकाला एका ट्रकचा मालक करावे. प्रत्येक ट्रकमध्ये 400 रुपयांचा माल आहे, असे मानून कागदाच्या खोट्या नोटा वाटाव्यात. चिठ्ठ्या टाकून एका ट्रकला अपघात घडवावा. पहिल्या फेरीत विमा नाही, त्यामुळे एकाचे 400 रुपये बुडतात आणि बाकीचे हळहळतात. दुसऱ्या फेरीत प्रत्येकाकडून आधीच 12 रुपये गोळा करावेत. 480 रुपये जमतात, अपघातग्रस्ताला 400 मिळतात, 80 उरतात. या उरलेल्या रकमेचे काय करावे हे वर्गाला ठरवू द्यावे. कोणी परत वाटा म्हणेल, कोणी ठेवा म्हणेल. मग तिसऱ्या फेरीत पुन्हा 480 जमवून दोन चिठ्ठ्या काढाव्यात. आता 800 रुपये द्यायचे आहेत, आणि मागचे 80 वाटून टाकले असोत वा राखले असोत, पैसे कमीच पडतात. विमा कंपनीला गंगाजळी का लागते आणि हप्ता ठरवताना अपघातांचे प्रमाण का अभ्यासावे लागते, हे यापुढे सांगावे लागत नाही.

या खेळात एक विद्यार्थी हटकून म्हणतो, की माझा ट्रक सुखरूप पोहोचला, माझे 12 रुपये वाया गेले. त्याला वर्गानेच उत्तर द्यावे. दुसरा एखादा हुशार विद्यार्थी माल न भरताच नुकसानभरपाई मागतो. त्याला रागावू नये, कारण सर्वेक्षक, पंचनामा आणि कागदपत्रे कशासाठी असतात याचे उत्तर त्याने आयतेच दिलेले असते. आयुर्विमा महामंडळाची स्थापना 1956 ची आणि त्याचे मुख्यालय मुंबईत, एवढी माहिती पुरेशी आहे; विम्याच्या प्रकारांची लांबलचक यादी या वयात देऊ नये.

बँक, यूपीआय आणि टपाल

बँकेचा भाग मुलांना आपल्याला वाटतो त्यापेक्षा जास्त ठाऊक असतो, म्हणून तो थोडक्यात आटोपावा. चौकातल्या दुकानात पैसे जमा झाल्याचे मोठ्याने सांगणारी पेटी सगळ्यांनी ऐकलेली आहे. तिथून मागे जावे: यूपीआय 2016 मध्ये आले, ते राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळ चालवते, ग्राहकाच्या खात्यातून दुकानदाराच्या खात्यात रक्कम काही क्षणांत जाते आणि त्या बोलक्या पेटीसाठी दुकानदार बहुधा दरमहा भाडे भरतो. त्याच ओघात एक नियम वहीत लिहून घ्यावा: पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन मागितला, तर पैसे आपल्याच खात्यातून जाणार आहेत.

ठेवींवरचे विमा संरक्षण मात्र जरूर सांगावे, कारण ते पालकांनाही ठाऊक नसते. फेब्रुवारी 2020 पासून एका बँकेत एका ठेवीदाराच्या व्याजासह 5 लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींना विमा आहे, आणि तो नागरी सहकारी बँकांनाही लागू आहे. पतसंस्थांना हा विमा नाही. गावातल्या पतसंस्थेच्या पाटीवर बँकेसारखाच रंग आणि बँकेसारखेच काउंटर असले तरी हा फरक राहतो.

टपालासाठी पिनकोड पुरेसा आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातल्या मराठी अधिकाऱ्याने, जे संस्कृत कवीही होते, आखलेली ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली. लासलगावचा 422306 हा क्रमांक फळ्यावर लिहून पहिला 4 कोणता विभाग दाखवतो आणि पहिल्या तीन अंकांवरून टपाल नाशिकपर्यंत कसे पोहोचते हे सांगावे. मग कुरिअरच्या वेष्टनांवरचे पिनकोड वाचून माल कोठून निघाला ते विद्यार्थ्यांनी नकाशावर शोधावे. गिरणी कामगाराची मनीऑर्डर कोकणातल्या घरी पोहोचत असे, तो काळ आजी-आजोबांकडून ऐकून येण्याचा गृहपाठही देता येईल. जाहिरातीला अर्धी तासिका खूप झाली: एक जाहिरात घेऊन तिच्यातली वस्तुस्थिती कोणती आणि नुसता शब्दांचा फुलोरा कोणता, ते दोन रंगांनी अधोरेखित करून घ्यावे.

ग्राहकाच्या बाजूने

कांदा स्वयंपाकघरात पोहोचला की पाठ संपतो, असे नव्हे. येथून पुढे विद्यार्थी स्वतः या गोष्टीत पात्र होतो, म्हणून या भागाला सढळ वेळ द्यावा.

प्रथम पाकीट वाचन. प्रत्येकाने आणलेल्या रिकाम्या पाकिटावर उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, तक्रारीसाठी संपर्क आणि खाद्यपदार्थ असेल तर चौदा आकडी परवाना क्रमांक शोधावा. वीस रुपयांचे पाकीट आणि पन्नास रुपयांचे पाकीट यांतले ग्रॅममागे स्वस्त कोणते, हे गणिताच्या तासिकेत काढता येते, आणि मोठे पाकीट दर वेळी स्वस्त निघतेच असे नाही. थंड पेयाच्या बाटलीवर थंड करण्याचे दोन रुपये जास्त घेणाऱ्या दुकानदाराचा प्रश्न मुलेच काढतील. छापील किंमत ही कमाल किंमत आहे, तीवर काही घेता येत नाही. सुटा कांदा घेताना मात्र छापील काहीच नसते. तेथे ग्राहकाचे संरक्षण वजनकाट्यात असते. काट्याची ठरावीक मुदतीने पडताळणी करून वैधमापन खात्याचा शिक्का घ्यावा लागतो. दुकानात जाऊन काट्यावरील शिक्का पाहण्याचे काम द्यावे, पण ते दुकानदाराची परवानगी घेऊन, सौजन्याने आणि पालकांसोबत.

त्यानंतर कायदा. 1986 चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन 2019 चा कायदा आला, तो जुलै 2020 पासून लागू आहे. मुलांना कलमे नकोत. त्यांना ग्राहक कोण हे ठरवायला आवडते. पुनर्विक्रीसाठी कांदा घेणारा व्यापारी त्या खरेदीपुरता या कायद्याचा ग्राहक नाही, पण तोच व्यापारी घरी फ्रिज घेतो तेव्हा ग्राहक असतो. बियाणे घेणारा शेतकरी ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले आहे. पूर्णतः मोफत मिळालेली सेवा या कायद्यात बसत नाही. अशी सहा-सात उदाहरणे फळ्यावर लिहून वर्गाला मत देऊ द्यावे. हात वर करून मोजणी होते तेव्हा मागच्या बाकावरचेही बोलू लागतात.

शेवटी तक्रार लिहून घ्यावी. बिघडलेली सायकल किंवा न चालणारा कंपास असा साधा प्रसंग द्यावा. पहिले पत्र दुकानदाराला असावे. त्यात खरेदीची तारीख, बिल क्रमांक, दोष आणि मागणी या चारच गोष्टी याव्यात. रागाची विशेषणे मी खोडायला लावतो, कारण त्यांनी पत्र लांबते आणि मागणी हरवते. पत्राने काम झाले नाही तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तेथे दोन वर्षांच्या आत जावे लागते, दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि वकील करणे सक्तीचे नाही. ज्याने बिलच घेतले नाही त्याने पत्रात काय लिहावे, हा प्रश्न मुद्दाम एका गटाला द्यावा. 1975 पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीचा उल्लेख येथे शोभेल: शेजारच्या कुटुंबांचे गट करून सामुदायिक खरेदी करणारी ही संस्था मधले काही टप्पे स्वतःच पार पाडते. फळ्यावरच्या 17 रुपयांच्या पट्टीतला कोणता भाग तिने वाचवला आणि कोणता तिलाही टाळता आला नाही, हे विचारावे.

मूल्यमापन

परीक्षेत कांदा पुन्हा विचारू नये. देवगडचा हापूस द्यावा, ज्याला अमेरिकेची बाजारपेठ 2007 मध्ये विकिरणाच्या अटीवर खुली झाली आणि त्यासाठी जो लासलगावच्याच केंद्रातून जाऊ लागला. बागेपासून परदेशातल्या दुकानापर्यंत त्याला लागणाऱ्या कोणत्याही चार सेवा लिहायला सांगाव्यात. सेवेच्या नावाला अर्धा गुण, ती नसती तर कोणाचे काय अडले असते याला एक गुण आणि तिचा मोबदला कोण देतो याला एक गुण ठेवावा. पाचवा उपप्रश्न उलट बाजूने असावा: पेटीतले चार आंबे सडके निघाले, तर विद्यार्थ्याने पाठात पाहिलेल्यांपैकी कोणते कागद मागावेत आणि कोणाकडे मागावेत. व्याख्या लिहा असा प्रश्न घालायचाच असेल तर त्याला एकापेक्षा जास्त गुण देऊ नये.